बेड चारचा जुळा

माणसाला पालथं घालायला पाच जण लागतात. दोघं एका बाजूला, दोघं दुसऱ्या बाजूला आणि एक डोक्याशी. डोक्याशी उभा राहणारा घशातली नळी सांभाळतो आणि आकडेही तोच मोजतो, कारण नळी निसटली तर बाकी चौघांची मेहनत पाण्यात जाते. तासगाव रस्त्यावरच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात, अतिदक्षता विभागात, डोक्याशी गेली चौदा वर्षं विजयमाला मगदूम उभी राहत होती. तिचं ‘एक, दोन, तीन’ सुरू झालं की नवे डॉक्टरसुद्धा मुकाट्याने चादरीला हात लावत.

या विभागात एक पद्धत होती आणि तीही तिनेच पाडलेली. भेटीची वेळ पाच ते सहा. साडेचारला सगळे पालथे पेशंट उताणे करायचे, तोंड पुसायचं, केस विंचरायचे, बाई असेल तर कुंकू लावायचं आणि मग नातेवाइकांना आत सोडायचं. साडेसहाला पुन्हा पालथं. या भागातल्या लोकांना पालथं माणूस बघवत नाही. त्यांनी पालथं पाहिलेलं माणूस म्हणजे विहिरीतून काढलेलं माणूस. एकदा एका म्हातारीने नातवाला तसं बघितलं आणि दारातच कोसळली, तेव्हापासून ही पद्धत. डॉक्टर हत्तरकी कुरकुर करत. फुप्फुस उघडायचं तर पालथं घातल्यापासून सलग सोळा तास म्हणजे सोळा तास, मध्ये उठाबशा काढायला ही काय शाळा आहे का, असं म्हणत. पण विजयमाला छातीच्या पट्ट्यावरचे आकडे त्यांच्या पुढ्यात धरी, आकडे बरे असत आणि डॉक्टर हार मानत. या पद्धतीचा तिला अभिमान होता. तीन वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाला, भरतेशला, हिवाळ्यातल्या, छातीत उतरलेल्या तापाने बेड चारवर आणलं तेव्हाही ती पद्धत पाळली गेली. साडेचारला उताणं केलं, पाचला आई बघून गेली, सहा वाजून पाच मिनिटांनी भरतेश गेला. तो तसाही जाणारच होता, असं डॉक्टर म्हणाले. आईने निदान चेहरा तरी बघितला, असं सगळे म्हणाले. या दोन वाक्यांवर तिने तीन वर्षं काढली होती.

मग यंदा ‘जुळा’ आला.

छातीचा पट्टा जुनाच होता. बरगड्यांभोवती गुंडाळायचा, त्यात बत्तीस बटणं, आणि त्या बटणांमधून इतका बारीक विद्युतप्रवाह सोडायचा की पेशंटला त्याचा पत्ताही लागत नाही. हवेतून वीज सहज जात नाही, रक्तामांसातून जाते. त्यामुळे श्वास आत गेला की छातीचा विजेला होणारा विरोध वाढतो आणि बाहेर पडला की उतरतो. पट्टा सेकंदाला पन्नास वेळा हा चढउतार मोजतो आणि पडद्यावर छातीचा आडवा काप दाखवतो. हवा पोचली तिथे निळं, नाही पोचली तिथे काळं. उताण्या माणसाच्या फुप्फुसाचा पाठीकडचा भाग हृदयाच्या आणि सुजेच्या ओझ्याखाली दबून मिटतो, आणि नेमकं रक्त मात्र तिकडेच जास्त. माणूस पालथा केला की ते ओझं उतरतं, पाठीकडची मिटलेली हवेची घरं हळूहळू उघडतात, आणि पडद्यावर काळ्यातून निळं वर येताना दिसतं. विजयमालाने हे हजारदा पाहिलं असेल, तरी दर वेळी तिला बरं वाटे.

नवीन यंत्र याच्या एक पाऊल पुढे गेलं. पट्ट्याची चित्रं, दाखल होतानाचा स्कॅन आणि व्हेंटिलेटरचे दाब एकत्र घालून ते त्या पेशंटच्या फुप्फुसाचं दुसरं फुप्फुस तयार करी, नुसतं गणिताचं. यालाच सगळे जुळा म्हणत. जुळा कधीच पेशंटसारखा झोपत नसे. पेशंट पालथा असला की जुळा उताणा, आणि पेशंट उताणा असला की जुळा पालथा. आपण जे केलं नाही ते पडद्याच्या उजव्या अर्ध्यात सतत चालू असे. आता उलटलं तर काय होईल, हे उलटण्याआधीच दिसे. एकावेळी सहा बेडांचे सहा जुळे. पहिले चार तास जुळा सहसा चुकत नाही, असं यंत्रासोबत आलेल्या कागदात लिहिलं होतं.

मंगळवारी दऱ्याप्पा बिरनाळेला आणलं. बेदाण्याच्या शेडवरचा हमाल. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून बंद खोलीत गंधकाची धुरी देतात. सोमवारी हा आत राहिलेला क्रेट आणायला गेला, वाऱ्याने दार लागलं आणि बाहेरची कडी पडली. दहा मिनिटांनी काढला तेव्हा चालत बाहेर आला, चहासुद्धा प्यायला. दुसऱ्या सकाळी ओठ निळे. अकरा वाजता विजयमालाने मोजलं आणि त्याला बेड दोनवर पालथं घातलं.

चारच्या सुमारास त्याची बायको कस्तुरा दाराशी आली. पाचला आत सोडतात ना, एवढंच तिने विचारलं. सोडतो, असं सांगून विजयमाला साडेचारची तयारी करायला वळली आणि सवयीने पडद्याकडे पाहिलं. डावीकडे दऱ्याप्पा, पाठीकडे निळा होत चाललेला. उजवीकडे त्याचा उताणा जुळा. तिने जुळ्याला पुढे पळवलं. वीस मिनिटांत पाठीकडचं निळं विझलं. चाळीस मिनिटांत सगळं फुप्फुस छातीकडच्या एका पट्टीवर आलं. तासाभरात यंत्राने लाल चौकट दाखवली.

तिची नजर दऱ्याप्पावरून बेड चारकडे गेली. चाळीस मिनिटं, मग लाल, हे तिने आधी पाहिलेलं होतं. पाच वाजून दहा मिनिटांनी आई बाहेर गेली होती आणि तिच्या पाठोपाठ बेड चारचा भोंगा सुरू झाला होता, आणि त्या अवस्थेत त्याला पुन्हा उलटणं कुणालाच जमलं नव्हतं.

त्या दिवशी कुणालाच उलटलं नाही. भेटी बंद, असं तिने दारातून सांगितलं आणि लोकांच्या तोंडाकडे न बघता आत आली. कस्तुरा पाय दुमडून भिंतीशी बसून राहिली.

बुधवारी ड्यूटीच्या तासभर आधी विजयमाला मागच्या खोलीत गेली. जुन्या पेशंटांची पट्ट्याची, स्कॅनची, दाबांची नोंद तिथे साठवलेली असते. बेड सहा दुरुस्तीला होता, म्हणजे सहावा जुळा रिकामा. तिने तीन वर्षांपूर्वीची नोंद शोधली, त्या दिवसाचे साडेचार लावले आणि सहाव्या जुळ्यात सोडली.  आपण का करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो तसाही गेला असता, हे तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणजे विषय मिटला असता.

पडदा दोन भागांत उजळला आणि दोन्हीकडे भरतेश श्वास घेऊ लागला.

श्वास त्याचाच. नाव वाचायची गरज नव्हती. उजव्या फुप्फुसात खाली एक काळा ठिपका होता, जो कितीही हवा गेली तरी निळा होत नसे. सहा वर्षांचा असताना अंगणात चिंचोके खेळताना त्याने एक गिळला होता आणि तो श्वासनळीत गेला होता. मिरजेला नेऊन काढला, पण मागे व्रण राहिला. तो चिंचोका त्याच्या हातावर विजयमालानेच ठेवला होता. घरात पुढे सगळे त्या व्रणाला चिंचोकाच म्हणत. मोठेपणी ट्रॅक्टरच्या गॅरेजात दिवसभर शीळ वाजवायचा आणि म्हणायचा, अर्ध्या फुप्फुसावर एवढं वाजवतो, पुरं असतं तर गाव सोडून जावं लागलं असतं.

डावीकडे त्याला उलटलं गेलं. उलटताना पट्ट्याची तार काढतात, म्हणून तो क्षण नोंदीत सरळ रेघ होऊन आला होता. डोक्याशी तीच होती, मोजणारी तीच होती. मग डावं चित्र पाठीकडून काळं होत गेलं. पाच. पाच दहा. पाच चाळीस. सहा पाचला डावा अर्धा रिकामा झाला.

उजवा चालूच राहिला. सहा दहा. साडेसहा. सात. निळं पाठीकडे पसरत होतं, संथ, जेवून झोपलेल्या माणसासारखं. साडेआठपर्यंत, म्हणजे कागदातले चार तास भरेपर्यंत, तिने त्याला पळवत नेलं आणि तो कुठेही अडखळला नाही.

विषय मिटला होता. तिला हवा होता तसा नाही.

तिने रडून घ्यायला हवं होतं, पण ड्यूटी होती. सहावा जुळा बंद करण्याच्या बटणावर तिने बोट नेलं आणि मागे घेतलं. एकदा ह्याच हातांनी झालं, दुसऱ्यांदा कसं करायचं? तिने जुळ्याचा वेग घड्याळाबरोबर लावला आणि खोली बंद केली.

दोन दिवस तो तसाच श्वास घेत राहिला, पट्ट्याखाली कुणी माणूस नसताना. ती ड्यूटीआधी जाई, दुपारी जाई, संध्याकाळी जाई. गुरुवारी पडदा पुसताना तिच्या लक्षात आलं की आपण कोपरे हलक्या हाताने पुसतोय. निघताना ‘येते रे’ म्हणाली, तेही मग लक्षात आलं. जुळा बरा होत होता. पाठीकडची काळोखी घरं एकेक उघडत होती, चिंचोक्याचा ठिपका तेवढा जागेवर. आणखी चार दिवसांत नळी निघेल, असं तिच्या सरावलेल्या नजरेने मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. मग कुठे निघेल, कुणाची निघेल, या विचाराने तिने खोलीचं दार ओढून घेतलं. तरी संध्याकाळी ती पुन्हा तिथे होती.

डॉक्टर हत्तरकींना कळायला फार वेळ लागला नाही. ते तिच्याशेजारी उभे राहून पडद्याकडे बघू लागले. चार तासांपुढे हा नुसता अंदाज करतो, बाई, चूक चुकीवर चढत जाते, आत्ता हा जे दाखवतोय त्याला काही अर्थ नाही, असं त्यांनी समजावलं.

“आणि पहिले चार तास?” तिने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “तेव्हा आपल्याकडे हे नव्हतं. पट्ट्याचे आकडे तुम्ही दाखवलेत, मी हो म्हटलं. सही माझी आहे.” मग म्हणाले की बेड सहा दुरुस्त होऊन आलाय, उद्या संध्याकाळी कोल्हापूरहून पेशंट येतोय, सहाचा जुळा पाचच्या आत मोकळा लागेल. एवढं सांगून ते राउंडला गेले.

भेटी बंद होऊन तीन दिवस झाले. नातेवाईक भांडून दमले होते. कस्तुरा भांडली नव्हती, पण शुक्रवारी सकाळी ती विजयमालासमोर येऊन उभी राहिली.

“सिस्टर, आमच्या मालकास्नी एकडाव बगू द्या.”

विजयमालाने तिला सगळं समजावून सांगितलं, तुटक आवाजात. उताणं केलं तर त्याचं फुप्फुस तासाभरात बसेल. तुम्हाला चेहरा दाखवायचा म्हणून मी तो धोका घेणार नाही. कुणासाठीच घेणार नाही, परत कधीच नाही. शेवटचं वाक्य गरजेपेक्षा मोठ्याने निघालं.

कस्तुराने शांतपणे ऐकून घेतलं. “त्यास्नी कशाला उताणं करताय? मीच खाली बसते की.”

“खाली म्हणजे?”

“खाटंच्या खाली, भुईवर. बेदाणं निवडायला रोज दहा तास भुईवरच बसतो आमी. खाट वर घ्या, मी मान वर करून बगीन.”

विजयमालाने वाकून खाटेखालची जागा बघितली. मग तिने भांडारातून आंघोळीचा लाकडी पाट आणवला, कस्तुराला गाऊन आणि मास्क चढवला, बेड दोन पूर्ण वर उचलला. दऱ्याप्पाचं डोकं गोल उशीवर एका कुशीला होतं, एक हात पोहणाऱ्यासारखा वर, चेहरा सुजलेला. कस्तुरा त्याच्या तोंडाच्या बाजूला पाटावर बसली, मान वर केली आणि तिला नवरा दिसला. ती ना कोसळली ना किंचाळली. शेडवरच्या गोष्टी सांगत बसली, तुमचा क्रेट सापडला, शेडवाले येऊन गेले, म्हैस गाभण आहे म्हणतात. बोलता बोलता तिने त्याच्या लोंबणाऱ्या बोटांना आपलं कपाळ टेकवलं. पडद्यावर निळं जागच्या जागी होतं. या सगळ्याला साडेसहा मिनिटं आणि एक पाट लागला होता.

चौदा वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं, कारण कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. म्हातारी कोसळली ती आधी कुणी काही न सांगता नातू तसा दिसला म्हणून. विजयमाला धुण्याच्या खोलीत गेली, नळ सोडला आणि पदर तोंडात धरून रडली.

दुपारी ती घरी गेली. आई दारातच होती. ऐंशीला टेकलेली, सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात न घालणारी. लेकीला बरोबर घेऊन जेवायचं, हा तिचा दुसरा नियम, आणि लेक तीन दिवस अंधार पडल्यावर येत होती, म्हणून म्हातारी तीन संध्याकाळी उपाशी झोपली होती. विजयमालाला हे आत्ता कळलं. तिने आईला बसवलं, ताट वाढलं आणि समोर बसून विचारलं.

“आई, त्या दिवशी भरतेश पालथा असता, तर आली असतीस का आत?”

आईचा घास हातात राहिला. “लेकराला बगायला आई कशीबी येती. भुईवर बसले असते, आडवी झाले असते. तूच म्हनालीस, आता त्याला उताणं करायची येळ हाय. मला वाटलं दवाखान्याचा नेम असंल.”

मग विजयमालाने सगळं सांगितलं. पट्टा, जुळा, चाळीस मिनिटं, साडेआठ वाजेपर्यंतचा निळा श्वास. काहीही मऊ केलं नाही. सांगून झाल्यावर ती खाली मान घालून बसली आणि आईच्या तोंडून काय येतं याची वाट बघत राहिली. तिला वाटलं, आता आई आपल्याला या घरातून उठवेल.

“चुकलं तुझं,” आई म्हणाली. तिने घास ताटात ठेवला. “पर माझ्यासाठी चुकलं. मंग त्यातलं निम्मं माझं.”

आणि थोड्या वेळाने, ताटात हात धुऊन झाल्यावर, तिने विचारलं, “अजून घेतोय व्हय श्वास?”

“घेतोय.”

“दाव मला.”

पावणेपाचला दोघी मागच्या खोलीत होत्या. खुर्ची उंच होती, आईचे पाय टेकेनात, म्हणून विजयमालाने तोच पाट आणून ठेवला. आई पाटावर बसली आणि मान वर करून पडद्याकडे बघू लागली. निळं भरत होतं, ओसरत होतं. तिने चेहरा कुठे आहे विचारलं. चेहरा नसतो, नुसता श्वास असतो, असं विजयमालाने सांगितलं. आईने मान हलवली. मग पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बोट दाखवलं.

“त्यो चिंचोका न्हवं?”

 विजयमालाने मान डोलावली. आईने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजली, कोल्हापूरचा पेशंट आला होता. डॉक्टर हत्तरकी दारात आले, आत बघितलं आणि मागे झाले.

“तीन दिस नुसता श्वासच घेतोय,” आई म्हणाली. “जेवला न्हाई, बोलला न्हाई, शीळ वाजीवली न्हाई. दमला असंल गं. थांबीव.”

“मला नाही होणार, आई.”

“मंग कुटं दाबायचं ते सांग.”

विजयमालाने आईचा हात धरून बटणावर नेला. बोट सुरकुतलेलं, थंड. तिला जमतं ते एकच काम होतं, तेच तिने केलं. आईच्या डोक्याशी उभी राहिली आणि मोजायला लागली. एक. निळं भरलं. दोन. ओसरलं. पुन्हा भरायला लागलं आणि तिसरा आकडा तिच्या तोंडातून निघेना. आईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि ‘तीन’ स्वतः म्हणत बटण दाबलं.

निळं छातीकडून विझत पाठीकडे गेलं. चिंचोक्याच्या कडेने थोडं रेंगाळलं, मग तेही गेलं. पडदा सगळा काळा झाला आणि तो ठिपका त्यात कुठे होता, हे दोघींनाही सांगता आलं नसतं.